नळ बंद केला, पाहिला

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका सरांच्या गमती मी आयुष्यभर सांगत आलो आहे. शिक्षकांच्या सहलीत सांगितल्या, निरोपसमारंभात सांगितल्या, मुलीच्या सासरच्या मंडळींनाही सांगितल्या. लोक हसतात, मीही हसतो. एका ठिकाणी आलो की मात्र मी थांबतो आणि म्हणतो, पुढे मग त्यांनी नोकरी सोडली. का सोडली असं कोणी विचारलं तर 'विक्षिप्तच माणूस' एवढं म्हणून चहाचा कप उचलतो. आता मी ऐंशी पार केली आहे. खरं कळलं असतं तर ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागली असती, ती बहुतेक माणसं गेली. इतकी वर्षं जे टाळलं ते आता लिहितो. सरांचं नाव लिहीत नाही. ते एकदा माझ्यामुळे बुडालं, आता मीच ते छापून आणायचं हे मला बरं वाटत नाही.

मुलं त्यांना 'बहुतेक सर' म्हणत. उंच, किडकिडीत, खादीचा पांढरा सदरा, खिशाला लाल-निळी पेन्सिल. बस गेली का, असं कोणी विचारलं तर ते थांब्याकडे नीट पाहत आणि सांगत, "थांब्यावर कोणी नाही. त्यावरून गेली असावी." विचारणारा तोवर रिक्षात बसलेला असे.

शाळा पेठेतली. अंगणातून वरच्या वर्गांकडे जाणारा एक दगडी जिना होता. नववीला इंग्रजीतली खात्रीची क्रियापदं शिकवायची वेळ आली की सर फळा सोडून सगळा वर्ग त्या जिन्यापाशी आणत. खालची पायरी माइट, दुसरी मे, तिसरी शुड, चौथी मस्ट. पाचवी पायरी रुंद होती, तिथे जिना वळत असे. त्या पायरीला नाव नव्हतं. तिथे नुसतं इज. खाली अंगणात उभं राहणं म्हणजे कान्ट. मग सर प्रश्न टाकत, "हेडमास्तर आता त्यांच्या खोलीत आहेत का?" ज्याची जेवढी खात्री, त्याने तेवढ्या पायरीवर जायचं. मुलं धडाधड वर पळत. पाचवीवर उभ्या राहिलेल्याला सर विचारत, "पाहिलंस?"

"नाही सर, पण पंखा चालू आहे."

"मग एक पायरी खाली ये. पंखा पाहिलास, हेडमास्तर नाही पाहिलेस. मस्टवर उभा राहा."

मस्ट म्हणजे सगळ्यात मोठी खात्री असं आम्हा शिक्षकांनाही वाटायचं. सर म्हणत, मस्ट हा अंदाजच आहे, फक्त चांगले कपडे घातलेला. घरात डोकावून आलेला माणूस 'तो घरी असलाच पाहिजे' असं म्हणत नाही, 'घरी आहे' म्हणतो. एका वर्षी एक मुलगा खरंच हेडमास्तरांच्या खोलीत डोकावला, तळहातावर एक छडी खाऊन परत आला आणि हात चोळत पाचव्या पायरीवर जाऊन उभा राहिला. सर वर चढले, त्याचा दुसरा हात हातात घेतला आणि वर्गाला म्हणाले, "वर उभं राहायचा हक्क आज या एकट्याला आहे."

सर्टनली आणि डेफिनेटली या शब्दांवर त्यांचा विशेष राग. ते शब्द छत्रीसारखे आहेत, असं म्हणत. आभाळ आलं असेल तर माणूस छत्री घेतो, लख्ख उन्हात कोण घेतं? मी तेव्हा शाळेत नवा होतो, पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवायचो आणि त्यांच्या हाताखाली शिकायचो. माझी टाचणवही ते तपासत. एकदा निघताना मी म्हणालो, "सर, उद्या नक्की वही आणतो." ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "'आणतो' पुरे. 'नक्की' म्हणालात की शंका येते."

त्यांच्याबरोबर मंडईत जाणं म्हणजे तासाची निश्चिंती. कलिंगडवाल्या बाईंना ते विचारत, हे लाल आहे का? बाई म्हणत, लालभडक, गॅरंटी. सर म्हणत, "आत पाहिलंत? नाही ना? मग 'लाल असेल' म्हणा." बाई कंटाळून कलिंगडाला त्रिकोणी खाच मारून तुकडा बाहेर काढत. "आता म्हणा 'आहे'," सर समाधानाने म्हणत. एकदा त्या बाईंनी सुरी पाटीत ठेवली आणि मला विचारलं, "घ्यायचंय का याला, का शाळेत घालायचंय?"

ही सरांची सर्वांत लाडकी गोष्ट होती. स्वतःवरचा विनोद ते जसाच्या तसा, बाईंच्या आवाजात सांगत.

खडकवासल्याला लष्करी शिक्षणासाठी जाऊ पाहणाऱ्या एका मुलाला त्यांनी शिफारसपत्र दिलं होतं. त्यात लिहिलं, हा चांगला अधिकारी होऊ शकेल. चांगला मुलगा आहे. वडील पत्र घेऊन तणतणत आले. "'होऊ शकेल' काय सर? 'होणारच' लिहा की." सर म्हणाले, "तो अजून अधिकारी झालेला मी पाहिला नाही. चांगला मुलगा आहे हे पाहिलंय, तेवढं बिनशर्त लिहिलंय." मुलाची निवड झाली. वडील पेढे घेऊन आले तेव्हा सरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आणा ते पत्र, दुरुस्त करून देतो."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. पहिली मुलगी पाहायला गेले तेव्हा पसंत आहे का असं विचारल्यावर 'असावी' म्हणाले, आणि मुलीच्या काकांनी चहाचे कप परत आत नेले, असं सांगतात. ही गोष्ट ऐकीव आहे. सरांच्या जिन्यावर ती मे ओलांडणार नाही. ते थोरल्या बहिणीबरोबर राहत, दोन खोल्यांत. बहिणीला सगळे ताई म्हणत. ताईंची जीभ सरांपेक्षा धारदार. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाल्या, "बसा. खुर्ची मोडणार नाही. मोडणार नसावी, असं हा म्हणेल."

आता ज्या ठिकाणी मी थांबतो, तिथे आलो.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. धरणात पाणी कमी, शहरात पाणी दिवसातून एकदाच, पहाटे. नंतर दिवसभर नळ कोरडे. पुण्यात त्या दिवसांत एक चूक सगळ्यांच्या हातून व्हायची. दुपारी नळ उघडून पाहायचा, पाणी नाही म्हणून चरफडत निघून जायचं, आणि नळ तसाच उघडा राहायचा. मग पहाटे पाणी आलं की वाहून जायचं. सरांना याची धास्ती. शाळा सुटली की ते सगळे नळ फिरून बंद करत आणि असे पिळून बंद करत की शिपाई वैतागायचा. "सर, नळ आहे, वैरी नाही," असं तो म्हणायचा.

कार्यालयामागे एक लहान खोली होती. पूर्वी ती स्वयंपाकाची असावी, कारण कोपऱ्यात मोरी आणि नळ होता. उंदीर येऊ नयेत म्हणून मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घातलेला. खालच्या फळ्यांवर शाळेची जनरल रजिस्टरं ठेवलेली, मुलांची नावं, जन्मतारखा, दाखल झाल्याचे दिवस, शाळेच्या स्थापनेपासूनचे. सर शनिवारी शाळा सुटल्यावर तिथे बसून शाळा सोडल्याचे दाखले लिहीत. एकेक जन्मतारीख तीनदा ताडून पाहत.

त्या शनिवारी सर एकच्या सुमारास गेले. मी दोन वाजता त्या खोलीत गेलो, माझा वार्षिक परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा तिथे होता. हाताला लाल शाई लागली होती म्हणून नळ उघडायला गेलो. नळ हलेना. सरांनी पिळून ठेवला होता. दोन्ही हात लावले, रुमाल गुंडाळून जोर केला, तेव्हा तो करकरत फिरला. पाणी नव्हतं. नुसती हवा सूं करून आली. मी रुमालाला हात पुसले, गठ्ठा उचलला आणि बाहेर पडलो. शिपाई जेवायला गेला होता. मला कोणी पाहिलं नाही.

रविवारी पहाटे पाणी आलं. सोमवारी पहाटेही आलं. सोमवारी शिपायाने दार उघडलं तेव्हा पाणी उंबऱ्यावरून बाहेर आलं. खालच्या दोन फळ्या पाण्यात होत्या. मी शाळेत पोचलो, गर्दीतून आत पाहिलं. नळ मी सोडला तसाच, अर्धा फिरलेला. मला विचार करावा लागला नाही. तळहाताला लगेच आठवलं.

सरांनी पुढचे चार दिवस ती रजिस्टरं वाळवली. अंगणात दोऱ्या बांधून पानं वाळत घातली, पानापानात टीपकागद घातले. ज्या जिन्यावर मुलं उभी राहत, त्या पायऱ्यांवर जन्मतारखा वाळत पडल्या होत्या. जुनी शाई विरघळून निळ्या ढगांसारखी पसरली होती. जिथे अंदाज येत होता तिथे सरांनी पेन्सिलीने बारीक लिहिलं, 'तीन असावा', 'जून असावा'. कार्यालयाने सांगितलं, सरकारी कागदावर 'असावा' चालत नाही. पुढे कित्येक माजी विद्यार्थी नोकरीसाठी जन्मतारखेचा दाखला मागायला येत आणि रिकाम्या हाताने परत जात. त्यातल्या काहींच्या तोंडावर कार्यालयाची खिडकी मीच लावून घेतली आहे.

संस्थेच्या कार्यकारी मंडळाची बैठक गुरुवारी झाली. अध्यक्ष वकील होते. शनिवारी शाळेत उशिरापर्यंत कोण होतं, तर सर आणि मी. आम्हा दोघांना बोलावलं. अध्यक्षांनी सरांना सरळ विचारलं, नळ तुम्ही बंद केला होता का?

मी मनातल्या मनात म्हणत होतो, सर, हो म्हणा. एकदाच हो म्हणा.

सरांनी आपल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "केला असणार."

"असणार म्हणजे? केलात की नाही?"

"रोज करतो, म्हणून केला असणार. पण त्या शनिवारी केल्याचं वेगळं असं आठवत नाही. रोजच्या हाताची आठवण राहत नाही. इंग्रजीत याला मस्ट..."

एक सभासद हसले. अध्यक्ष म्हणाले, "सर, ही नववी नाही."

मग ते माझ्याकडे वळले. माझी नेमणूक तात्पुरती होती. दोन वर्षं पुरी होत आली होती आणि कायम करायचं की नाही हे याच मंडळाने जूनमध्ये ठरवायचं होतं. गावाकडे आई आणि दोन भाऊ माझ्याकडे डोळे लावून होते. हे कारण म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतो. अध्यक्षांनी मला, तुम्ही त्या खोलीत गेला होतात का, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर काम करता. यांच्याकडून नळ उघडा राहिला असेल, असं होऊ शकतं?"

मी इंग्रजीत उत्तर दिलं. मराठीत दिलं असतं तर जीभ अडली असती. मी म्हणालो, "ही मे हॅव फरगॉटन, सर."

यात खोटा असा एकही शब्द नव्हता. माणूस विसरू शकतो. पण माझी जागा मेवर नव्हतीच. मी पाचव्या पायरीवर उभा होतो, जिथे सगळ्या शाळेत माझ्याखेरीज कोणी नव्हतं, आणि सगळ्यांच्या देखत तीन पायऱ्या उतरून खाली आलो. आपल्याला आहे त्यापेक्षा जास्त खात्री दाखवू नये, हे सरांनी आम्हाला हजारदा बजावलं होतं. असलेली खात्री लपवू नये, हे त्यांनी कधी शिकवलं नाही. असं कोणी करेल हे त्यांच्या मनातही आलं नसणार.

पण हे सगळं सोसवेल. सोसत नाही ते पुढचं. मी उत्तर दिल्यावर सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि वर्गात एखाद्या मुलाने बरोबर पायरी निवडली की जशी मान हलवत तशी हलवली. अध्यक्षांना म्हणाले, "यांनी शब्द बरोबर वापरला. मे."

मंडळाने त्यांना समज दिली आणि रजिस्टरांचं काम काढून घेतलं. एवढंच. पण सरांनी महिन्याभरात राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं, आपल्या हातून काय होतं याची ज्याला खात्री देता येत नाही त्याने दाखल्यांवर सही करू नये. जूनमध्ये मला कायम केलं. पुढे मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. जिन्याचा पाठ मी एकदाही घेतला नाही.

नोकरी जाणं ही त्यातली लहान गोष्ट होती, हे मला फार उशिरा कळलं. सरांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला होता. घरातून निघाले की स्वारगेटपर्यंत जात, बसमध्ये बसत, आणि नळ आठवला की उतरून चालत परत. कधी दोनदा, कधी तीनदा. मग त्यांनी चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. घराबाहेर पडताना कागदाच्या तुकड्यावर लिहायचं, 'नळ बंद केला, पाहिला', खाली सही आणि वेळ. तो तुकडा सदऱ्याच्या खिशात. रस्त्यात शंका आली की काढून वाचायचा. ताई म्हणाल्या, "सदरा धुवायला घेतला की आधी लगदा काढावा लागतो." त्या हसत नव्हत्या.

चार-पाच वर्षांनी मंडईत ते मला दिसले. कलिंगडवाल्या बाई त्याच होत्या. सर कलिंगड घेत होते आणि लाल आहे का, असं काहीच विचारत नव्हते. बाईंनी आपणहून खाच मारली तर म्हणाले, "राहू द्या हो, काय फरक पडतो." मी समोर गेलो. पळायला जागा नव्हती. त्यांनी माझी, शाळेची चौकशी केली. मग खिशातून चिठ्ठी काढून वाचली, परत ठेवली आणि अगदी संकोचून विचारलं, "अहो, एक विचारू? त्या शनिवारी माझ्यानंतर तुम्ही त्या खोलीत गेला होतात का? गठ्ठा तिथे होता ना तुमचा. नळाकडे तुमचं लक्ष गेलं होतं का? कोणाला सांगायचं नाहीये मला. मलाच हवंय."

मला काही गमवायचं उरलं नव्हतं. नोकरी कायम होती, आई गेली होती. समोर एक म्हातारा उभा होता, हातात कलिंगड, आणि मागत होता ते एक वाक्य. त्याच्यासाठी मला नुसतं तोंड उघडायचं होतं.

मी म्हणालो, "बंद असावा, सर."

"असावा," ते म्हणाले. "पाहिला नाहीत म्हणजे."

"नाही."

या वेळी मात्र शब्द खोटा होता. सरांनी मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्दीत गेले. वीस पावलांवर थांबून पुन्हा चिठ्ठी काढताना मी त्यांना पाहिलं.

त्यांचं शेवटचं आजारपण लांबलं. ताईंचा निरोप आला, भेटून जा, तुमची आठवण काढतो. मी घरून वाक्य ठरवून निघालो. रस्ताभर म्हणत गेलो. त्यांच्या जिन्यातही म्हटलं. सर खाटेवर होते, आवाज खोल गेलेला, पण डोळे जागे. ताई म्हणाल्या, "दिवसभर एकच. नळ पाहा, नळ पाहा. मी पाहून आले तरी याचं समाधान नाही. मी म्हणे घाईत पाहते." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

सरांनी मला ओळखलं. ओठ हलले. मी वाकलो. ते म्हणाले, "नळ."

मी उठलो. मोरीपाशी गेलो. नळ बंद होता. तरी मी त्याला हात लावला, फिरवून पाहिला, आणि इतक्या वर्षांनी हाताला पुन्हा तोच कडक पीळ लागला. परत येऊन त्यांच्या कानाशी म्हणालो, "सर, नळ बंद आहे. मी पाहिला."

ते माझ्याकडे पाहत राहिले. कुठला शब्द वापरतो हे पाहत असावेत. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. ताई कप घेऊन आल्या, त्यांच्याकडे पाहून दारातच थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं ऐकलं बाई. झोपू द्या आता."

मी चहा प्यायलो. त्यांना उठवायचं नाही, हे कारण मला मिळालं होतं. उद्या येतो, असं ताईंना सांगून उतरलो. 'नक्की' म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

घरून ठरवून नेलेलं वाक्य अजून माझ्यापाशीच आहे. त्यात मे नाही, मस्ट नाही, नक्की नाही. त्या शनिवारीही नळ बंदच होता, सर. तुम्ही बंद केला होता. उघडला मी.